वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर मुतखडा का होतो? कॅल्शियम बंद करण्याची चूक करू नका

यवतमाळ जिल्ह्यातले अनेक जण वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरसारख्या मोठ्या शहरात जातात. ऑपरेशन तिकडे होतं, पण त्यानंतरचे उन्हाळे वणी, पुसद किंवा उमरखेडलाच काढायचे असतात. वजन उतरतं, शुगर आटोक्यात येते. मग वर्षा-दोन वर्षांनी एखाद्या रात्री कमरेतून कळ निघते आणि सोनोग्राफीत मुतखडा दिसतो. घरचे म्हणतात, "दूध बंद कर, कॅल्शियमच्या गोळ्या बंद कर." बायपास झालेल्यांच्या बाबतीत हा सल्ला उलटा पडू शकतो. कसा, ते पाहू.

ऑक्झलेट म्हणजे काय?

धोप्याची (अळूची) पानं नीट शिजली नाहीत की घसा खाजतो. ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे होते. बहुतेक मुतखडे याच पदार्थाचे असतात. ऑक्झलेट अनेक पालेभाज्या, तीळ आणि सुक्या मेव्यात असतं. थोडं आपलं शरीरही तयार करतं.

एरवी जेवणातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि दोन्ही शौचावाटे बाहेर पडतात. रक्तात फार थोडं ऑक्झलेट जातं.

बायपासनंतर काय बदलतं?

गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठर लहान करतात आणि अन्न लहान आतड्याचा काही भाग टाळून पुढे जातं. त्यामुळे तेल-तूप पूर्ण पचत नाही. न पचलेली चरबी कॅल्शियमला चिकटते, म्हणून ऑक्झलेटला धरायला कॅल्शियम उरत नाही. हे मोकळं ऑक्झलेट मोठ्या आतड्यातून रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं. खडा होण्यापासून वाचवणारं सायट्रेटही लघवीत कमी होतं. लहान जठरामुळे पाणी कमी प्यायलं जातं, ते वेगळंच.

धोका किती?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१५ मध्ये ७६२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी सहा वर्षांत ऑपरेशन झालेल्यांपैकी ११.१ टक्के लोकांना नवा खडा झाला. ऑपरेशन न झालेल्या लठ्ठ लोकांमध्ये हे प्रमाण ४.३ टक्के होतं. आतड्याचा जास्त भाग वगळणाऱ्या ऑपरेशननंतर धोका सर्वाधिक होता आणि बायपासनंतर मध्यम. फक्त जठर लहान करणाऱ्या ऑपरेशननंतर तो वाढलेला दिसला नाही. म्हणून आपलं ऑपरेशन नेमकं कोणतं झालं, हे डिस्चार्ज कार्डावर बघून ठेवा.

क्वचित प्रसंगी गोष्ट खड्यावर थांबत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ६५ वर्षांच्या एका महिलेची केस वैद्यकीय नियतकालिकात आली. तिचा बायपास झालेला होता आणि नुकताच अँटिबायोटिकचा मोठा कोर्स झाला होता. "शरीर शुद्ध करायला" तिने हिरव्या पालेभाज्यांचे रस घेतले. किडनीत ऑक्झलेट साचलं आणि आधी ठीक असलेली किडनी कायमची निकामी झाली. रीलमध्ये दिसणारा पालक-बीटचा ग्लास बायपास झालेल्या व्यक्तीसाठी नाही, तो याच कारणाने.

यवतमाळच्या उन्हात जास्त जपायला का हवं?

एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. घामावाटे पाणी निघून गेलं की लघवी थोडी आणि घट्ट होते आणि त्यात स्फटिक लवकर जमतात. बायपास झालेली व्यक्ती तांब्याभर पाणी एका दमात पिऊ शकत नाही. त्यामुळे शेतात, दुकानात, एसटीत बाटली जवळ ठेवून घोट-घोट पीत राहणं हाच मार्ग. रोज सुमारे अडीच लिटर लघवी व्हावी इतकं पाणी पोटात जायला हवं. लघवीचा रंग फिकट राहिला तर पाणी पुरतंय असं समजा.

ताटात काय बदल करायचा?

- कमी करा: पालक, चुका, राजगिरा, तांदुळजा, धोपा, घोळ, बीट, बदाम, काजू, तीळ. कोरा चहाही बेताने.
- निर्धास्त खा: कोबी, फुलकोबी, दुधी, दोडके, काकडी.
- पालेभाजी खायचीच असेल तर: उकळून पाणी फेकून द्या, वाटी लहान ठेवा आणि सोबत दही किंवा ताक घ्या. ताकातली पातळ भाजी ही आपल्याकडची जुनी पद्धत इथे उपयोगी आहे. दूध-दही साय काढलेलं असावं.
- कॅल्शियम: बायपासनंतर आहार आणि गोळ्या मिळून रोज साधारण १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं. गोळी जेवणासोबत घेतली तरच ती ऑक्झलेटला आतड्यात अडवते. कॅल्शियम सायट्रेट चांगलं, कारण ते कमी आम्लातही शोषलं जातं. लोहाची गोळी मात्र दोन तासांच्या अंतराने घ्या.
- तेल आणि मीठ कमी: तर्रीदार रस्सा, भजी, लोणचं, पापड बेताने.
- लिंबूपाणी: साखर न घालता. त्यातून सायट्रेट मिळतं.
- व्हिटॅमिन सी: जास्त ताकदीच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. शरीरात त्याचं ऑक्झलेट बनतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

कमरेतून जांघेकडे जाणारी कळ, लाल लघवी किंवा लघवी कमी होणं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली तर लगेच रुग्णालय गाठा. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून दिवस काढू नका. बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी पोटात अल्सर होऊ शकतो. डॉक्टर कोणतेही असोत, "माझा बायपास झालाय" हे आधी सांगा.

एकदा खडा झाला असेल तर चोवीस तासांच्या लघवीची तपासणी विचारा. ऑक्झलेट, सायट्रेट आणि पाण्याचं प्रमाण त्यात कळतं आणि पथ्य त्यानुसार ठरवता येतं.

थोडक्यात: पाणी दिवसभर, कॅल्शियम जेवणासोबत, तेल कमी, पालकाचा रस नाही. आणि कोणाच्या सांगण्यावरून कॅल्शियमची गोळी बंद करण्याआधी आपल्या डॉक्टरांना एक फोन करा.