घारापुरीचे लेणे : देऊळ, गोठा, चांदमारी आणि मेजवानी

उरण तालुक्यातील घारापुरी बेटावरून परतणारा जवळजवळ प्रत्येक प्रवासी एक वाक्य सोबत घेऊन येतो : ‘पोर्तुगीजांनी बंदुकीच्या गोळ्यांनी मूर्ती फोडल्या.’ वाक्य सर्वस्वी खोटे नाही. परंतु त्यात चौदाशे वर्षांचा हिशेब एका ओळीत मिटवला जातो. हे लेणे कोणी, केव्हा आणि कशासाठी वापरले, हे क्रमाने पाहिले की त्याच्या जखमा वेगळ्या दिसू लागतात.

लेण्याचा काळ अभ्यासक सर्वसाधारणपणे इ.स.च्या सहाव्या शतकाचा मध्य मानतात. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी सापडली आहेत, म्हणून अनेकांचा कल कलचुरींकडे आहे. कोकणच्या मौर्यांचे नावही घेतले जाते. बादामीच्या दुसऱ्या पुलकेशीच्या ऐहोळे येथील इ.स. ६३४ च्या शिलालेखात पुरी नावाच्या समुद्रकाठच्या नगरीवर आरमार धाडल्याचा उल्लेख आहे. ती पुरी म्हणजेच घारापुरी, असे काही इतिहासकारांचे मत आहे. बेटाच्या नावाची एक व्युत्पत्ती ‘घारी’, म्हणजे शिवाचे गुरव पुजारी, या शब्दाशी जोडली जाते.

पहिला उपयोग अर्थातच पूजेचा. सुमारे १३० फूट लांबी-रुंदीच्या सभामंडपात मुळात २६ मोकळे खांब आणि भिंतीला जोडलेले १६ अर्धस्तंभ होते. पश्चिमेकडे चार दारांचे गर्भगृह, आत शिवलिंग, प्रत्येक दाराशी द्वारपालांची जोडी. दक्षिणेच्या भिंतीत सुमारे १८ फूट उंचीचा सदाशिव आहे. लोक त्याला सरसकट ‘त्रिमूर्ती’ म्हणतात. पण ती ब्रह्मा, विष्णू, महेश यांची मूर्ती नसून एकाच शिवाची तीन मुखे आहेत. आजूबाजूला गंगाधर, अर्धनारीश्वर, अंधकासुरवध, कैलास हलवणारा रावण, शिवपार्वतीचे लग्न.

१५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगीजांना दिली. बेटाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ एक प्रचंड दगडी हत्ती उभा होता. त्यावरून पोर्तुगीजांनी बेटालाच हत्तीचे नाव दिले. आजचे ‘एलिफंटा’ ते हेच.

याच काळात या लेण्याच्या इतिहासातील, कदाचित, सर्वांत मोठे नुकसान झाले, आणि ते मूर्तींचे नव्हते. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोतो याने लिहून ठेवले आहे की लेण्याच्या दारावर अक्षरे कोरलेला एक मोठा दगड होता. तो काढून पोर्तुगालला राजा तिसरा जॉन (जुआंव) याच्याकडे पाठवण्यात आला. राजाने तो वाचून घेण्याचा प्रयत्न केला, पण वाचणारा मिळाला नाही. पुढे तो दगडही नाहीसा झाला. लेणे कोणी खोदवले याविषयी आजही नाणी, शैली आणि तर्क यांवर विसंबावे लागते, त्याचे एक मोठे कारण हा हरवलेला दगड आहे. विशेष म्हणजे दगड काढणाऱ्यांना तो नष्ट करायचा नव्हता. त्यांना तो वाचायचा होता.

दुसरा उपयोग गुरांचा. गोव्यातील वैद्य गार्सिया द ओर्ता, ज्याच्याकडे पुढे मुंबई बेटाचा पट्टा होता, त्याने १५३४ मध्ये हे लेणे पाहिले होते. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात तो नोंदवतो की लेण्यात गुरे शिरत असल्यामुळे त्याची बरीच खराबी झाली आहे. म्हणजे पोर्तुगीज सत्ता येऊन तीस वर्षेही झाली नव्हती, आणि गर्भगृहाभोवती गुरे वावरत होती. ज्या अर्थी गुरे आत येत होती, त्या अर्थी नित्यपूजा थांबली असावी.

दीडशे वर्षांनंतरही चित्र तेच. मुंबई १६६५ मध्येच इंग्रजांच्या ताब्यात आली होती, परंतु १७१२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाचा कप्तान पाइक घारापुरीला गेला, तेव्हा पोर्तुगीज लोक पावसाळ्यात आपली गुरे लेण्यात ठेवून तेथेच त्यांना वैरण घालत असल्याचे त्याने लिहिले. मंडप प्रशस्त, छप्पर कातळाचे, कोकणातला पाऊस चार महिने. गोठा म्हणून याहून भक्कम जागा मिळणे कठीण. तोफेची प्रसिद्ध हकिगतही पाइकचीच. कोणा पोर्तुगीज सरदाराने लेण्यातला प्रतिध्वनी ऐकण्याच्या हौसेने आत तोफ डागली आणि काही खांब कोसळले. रूढ समजुतीत या कृत्यामागे धर्मद्वेष असतो. पाइकच्या नोंदीत कारण करमणूक आहे. धर्मद्वेषाने फोडलेल्या देवळांची उदाहरणे वसई प्रांतात कमी नाहीत, म्हणून हा फरक पोर्तुगीजांना निर्दोष ठरवत नाही.

मूर्तींकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक शिल्पपटांचे खालचे भाग गेले आहेत आणि वरचे पुष्कळसे टिकले आहेत. अंधकासुराचा वध करणाऱ्या शिवाचा चेहरा अजून धगधगतो, पण कमरेखालचा देह नाही. बंदुकीची गोळी कमरेच्या वर आणि खाली असा भेद करीत नाही. साचलेले पाणी, ओल आणि अंग घासणारी गुरे मात्र तो भेद करतात. हातोड्याचे घाव पडलेच नाहीत असे कोणी म्हणणार नाही. पण सगळा दोष गोळ्यांवर टाकला की दोन शतकांचा गोठा विसरला जातो.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि या भागावरील पोर्तुगीज सत्ता संपली. १७७४ मध्ये साष्टीबरोबर घारापुरी इंग्रजांकडे गेली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. मधल्या काळात, १७६४ मध्ये, कार्स्टेन नीबूर या प्रवाशाने काळजीपूर्वक काढलेली चित्रे युरोपात पोहोचली होती. १८१३ मध्ये विल्यम अर्स्किन याने मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे निबंध वाचला आणि १८७१ मध्ये जेम्स बर्जेस याचे पुस्तक आले. बर्जेसने मोजले तेव्हा २६ पैकी ८ खांब पडलेले होते.

हत्तीचे नशीब वेगळे. १८१४ च्या सप्टेंबरात त्याची मान आणि डोके गळून पडले. १८६४ मध्ये त्याचे अवशेष मुंबईच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये आणले गेले. १९१४ मध्ये तुकडे जोडून तो पुन्हा उभा केला. ज्या हत्तीने बेटाला नाव दिले, तो आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी आहे.

लेण्याचा सर्वांत चमत्कारिक उपयोग १८७५ च्या नोव्हेंबरातला. प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचा सातवा एडवर्ड, मुंबईत आला असता त्याला याच लेण्यात मेजवानी देण्यात आली. मंडप दिव्यांनी उजळला, खांबांमधून मेजे मांडली गेली आणि सदाशिवाच्या समोर मद्याचे प्याले भरले गेले. तोफ डागणारा सरदार आणि मेजवानी देणारे गव्हर्नरचे सरकार यांच्यात सभ्यतेचे अंतर मोठे होते. जागा मात्र दोघांनाही करमणुकीचीच वाटली.

१९०९ मध्ये लेण्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. विसाव्या शतकात पुरातत्त्व खात्याने पडलेले खांब नव्याने उभारले. मूळ आणि नवे यांतला फरक थोड्या निरखण्याने कळतो. १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आले. तरीही ज्या शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या वाड्यांतले लोक हे बेट सांभाळून आहेत, त्यांच्या घरांत समुद्राखालून टाकलेल्या केबलने वीज पोहोचली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. समोर मुंबईचे दिवे रात्रभर दिसत असताना हे लोक तोवर जनित्रावर भागवत होते.

आज लेणे तिकीट काढून पाहायचे स्मारक आहे, सोमवारी बंद असते. महाशिवरात्रीला मात्र भाविक होडीने येतात, चार दारांच्या गाभाऱ्यात जातात आणि लिंगावर बेल वाहतात.