निर्माण (युवा उपक्रम)

निर्माण हा महाराष्ट्रातील तरुण-तरुणींसाठी चालवला जाणारा मार्गदर्शन व शिक्षणाचा उपक्रम आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने तो २००६ साली सुरू केला. त्याचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा मार्गावर चातगावजवळ असलेले शोधग्राम हे आहे. साधारणतः १८ ते २८ वर्षे वयाच्या युवांना स्वतःच्या जीवनाचे प्रयोजन शोधता यावे आणि त्याची सांगड समाजाच्या गरजांशी घालता यावी, असा उपक्रमाचा हेतू आहे. आरंभीच्या काळात महाराष्ट्र ज्ञान महामंडळ आणि त्याचे विवेक सावंत यांचे त्याला सहकार्य लाभले.

पार्श्वभूमी

निर्माणची वैचारिक मुळे गांधीजींच्या 'नई तालीम' या शिक्षणपद्धतीत आहेत. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत ही कल्पना मांडली गेली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा आराखडा तयार केला. हाताने काम करत, प्रत्यक्ष जीवनातून शिकणे हे तिचे सूत्र होते. अभय बंग यांचे शालेय शिक्षण काही वर्षे सेवाग्राम येथील नई तालीमच्या शाळेत झाले. या शाळेचा आपल्यावरील प्रभाव त्यांनी लेखन व व्याख्यानांतून वारंवार सांगितला आहे.

दुसरा धागा कौटुंबिक आहे. अभय बंग यांचे वडील ठाकूरदास बंग हे वर्ध्यात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघण्यापूर्वी ते गांधीजींना भेटले असता, अर्थशास्त्र शिकायचे तर भारतातील खेड्यांत जावे, असे गांधीजींनी त्यांना सुचवले आणि त्यांनी परदेशी जाण्याचा बेत सोडला. एका योग्य वेळच्या भेटीने आयुष्याची दिशा बदलते, हा या प्रसंगाचा आशय निर्माणच्या मांडणीत पुढे मध्यवर्ती ठरला. अर्थात, असा योग प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. मार्गदर्शनाची काही व्यवस्था उभारावी लागते ती यासाठीच.

युवावस्था आणि मानसिक आरोग्य

राष्ट्रीय युवा धोरण २०१४ नुसार भारतात १५ ते २९ हा युवांचा वयोगट मानला जातो. शिक्षण, व्यवसाय, विवाह आणि घर सोडणे हे आयुष्यातील मोठे निर्णय याच काळात एकत्र येतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली पौगंडावस्था आणि प्रौढत्व यांमधील या टप्प्याचे स्वतंत्र वर्णन केले. ओळखीचा शोध आणि अस्थिरता ही त्यांनी सांगितलेली या टप्प्याची दोन लक्षणे महाराष्ट्रातील वसतिगृहांत आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांतही सहज आढळतात.

बहुतेक मानसिक विकारांची सुरुवात पंचविशीच्या आत होते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. एकूण रुग्णांतील बहुसंख्य उपचारांपासून वंचित राहतात, हेही त्याच सर्वेक्षणातून दिसून आले.

निर्माण हा उपचाराचा कार्यक्रम नाही. आजार झाल्यावर तेथे पाठवावे असे त्याचे स्वरूप नसून, जगण्यात अर्थ आणि सोबत असेल तर मन अधिक समर्थ राहते, या धारणेवर तो उभा आहे. नाझी छळछावणीतून वाचलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हाच विचार मांडला होता. नैराश्य, आत्महत्येचे विचार किंवा व्यसनाधीनता यांसाठी मात्र तज्ज्ञांची मदत आवश्यकच असते. त्यासाठी केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची निःशुल्क दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

कार्यपद्धती

प्रवेशासाठी इच्छुकांना दीर्घ प्रश्नावली भरावी लागते. तिच्यातील प्रश्न गुणपत्रिकेपेक्षा अनुभव, निर्णय आणि मनातील द्वंद्व यांविषयीचे असतात. त्यानंतर मुलाखती घेऊन तुकडी निवडली जाते. तुकड्या 'निर्माण १', 'निर्माण २' अशा क्रमाने ओळखल्या जातात.

प्रत्येक तुकडीची निवासी शिबिरे शोधग्राम येथे काही महिन्यांच्या अंतराने होतात. त्यांत श्रमदान, गटचर्चा, चित्रपट, गाणी, गावभेटी आणि सामाजिक कार्यकर्त्यांशी संवाद यांचा समावेश असतो. मी कोण, मला किती पैसा पुरेसा आहे, माझ्या कौशल्याची गरज कोणाला आहे, असे प्रश्न चर्चेत येतात. तयार उत्तरे दिली जात नाहीत. वैद्यक, अभियांत्रिकी, कला अशा वेगवेगळ्या शाखांचे युवा एकत्र आल्याने, घरी किंवा महाविद्यालयात बोलता न आलेल्या गोष्टी समवयस्कांपुढे मांडता येतात. अनेकदा व्याख्यानांपेक्षा याचाच परिणाम अधिक टिकतो.

दोन शिबिरांमधील काळ कृतीसाठी असतो. सहभागींच्या अनुभवांना 'सीमोल्लंघन' या निर्माणच्या वार्तापत्रात स्थान मिळते. पुढे पूर्णवेळ सामाजिक काम करून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी 'कर के देखो' ही शिष्यवृत्ती आहे.

शालेय वयोगटासाठी 'कुमार निर्माण' हा उपक्रम चालवला जातो. त्यात मुलांचे छोटे गट स्वतःच्या परिसरातील प्रश्न हेरतात आणि त्यावर स्वतःच उपाय योजतात. गटाला साहाय्य करणाऱ्या मोठ्या व्यक्तीस 'निमंत्रक' म्हणतात. शिक्षक किंवा नेता हा शब्द टाळण्यामागे पुढाकार मुलांकडे राहावा ही दृष्टी दिसते.

परिणाम

निर्माणचा ठळक प्रभाव वैद्यकीय पदवीधरांमध्ये दिसतो. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांतून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची शासकीय सेवा बंधनकारक आहे. ती टाळल्यास दंड भरावा लागत असे. दंड भरून किंवा अन्य मार्गाने ही सेवा चुकवण्याची प्रथा रूढ असताना, निर्माणमधील अनेक तरुण डॉक्टरांनी गडचिरोलीसारख्या जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रे आपणहून निवडली. इतर काहींनी २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'मुक्तिपथ' या दारू व तंबाखू नियंत्रणाच्या जिल्हाव्यापी कार्यक्रमात तसेच शिक्षण, शेती व पर्यावरण या क्षेत्रांत काम केले.

मर्यादा

उपक्रमाची व्याप्ती मर्यादित आहे. निवड चाळणीतून होत असल्याने आधीपासून सामाजिक जाणीव असलेला आणि स्वतःविषयी लिहू शकणारा युवा तेथे पोहोचण्याची शक्यता अधिक असते. नोकरीशिवाय घर चालणार नाही अशा तरुणाला 'पैसा किती पुरेसा' हा प्रश्न निराळ्या अर्थाने भेडसावतो. अंतर हीदेखील अडचण आहे: जालना जिल्ह्यातील मंठा किंवा परतूर येथून शोधग्राम गाठण्यासाठी जवळजवळ संपूर्ण विदर्भ ओलांडावा लागतो. तालुक्याच्या गावी अशा स्वरूपाचे काम उभे राहायचे तर कुमार निर्माणसारखा छोटा, स्थानिक निमंत्रकावर चालणारा गट हा अधिक शक्य कोटीतील नमुना ठरतो. मात्र तो सर्वस्वी त्या निमंत्रकाच्या चिकाटीवर अवलंबून असतो, आणि त्याने गाव सोडले की गटही बहुधा विखुरतो.