चाती आणि माणूस

हुडकेश्वरहून रोज शहरातल्या कचेऱ्यांत जाणारी आपली मुले आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेसमोर बसतात आणि घरी येऊन विचारतात, "आता आमचे काय?" नागपुरास हा प्रश्न नवा नाही.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. कारभारी बेझनजी मेहता. आले रेल्वेच्या नोकरीतून, गिरणीचा गंधही नसलेले! जुना म्यूल साचा सूत ओढी, मग गुंडाळी. त्यावर मुरलेला हात लागे. लँकेशायर नाक मुरडीत असताना १८८० नंतर जमशेटजींनी येथे रिंग चाती बसविल्या. पीळ आणि गुंडाळणी एकदमच होऊ लागली. मुरलेल्या हाताला धास्ती वाटावी, असाच हा बदल.

पण त्याच गिरणीत १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी आला, १८९५ साली अपघाताची भरपाई. ही निव्वळ दया नव्हे. कामगार वरचेवर गैरहजर राहत. माणूस टिकेना, तर उत्तम चातीही उभी राहते, हे मालकाने ओळखले होते. चाती कोणती घ्यावी, हे मात्र त्यानेच ठरविले. आजचा साहेब यंत्रणा आणण्यापूर्वी टेबलावरच्या कारकुनाला बोलावून विचारील काय?