हलीममधला पालक आणि डालड्याचा डबा

तीन वर्षांपूर्वी अब्बांची शुगर वाढली. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि हसतच म्हणाले, "आता तुमचं ते मुसलमानी जेवण बंद करा. उकडलेल्या भाज्या खा." त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. 'मुसलमानी जेवण' म्हणजे वर बोटभर तेल तरंगणारं सालन, हे त्यांनी गृहीत धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही तेच धरून चाललो होतो. अम्मीने पंधरा दिवस दुधी आणि गाजर उकडून दिलं. सोळाव्या दिवशी अब्बा शेजारच्या घरी जाऊन निहारी खाऊन आले.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. आपलं जेवण मुळात असंच होतं का? की आजारी माणसाला बेचव आणि धडधाकट माणसाला तेलकट, ही वाटणी अलीकडची आहे?

सुरुवात मदिनेपासून करू. हदीसच्या संग्रहांत एका शिंप्याने दिलेल्या दावतीचा प्रसंग आहे. त्याने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर सातूची रोटी आणि रस्सा ठेवला. रश्श्यात दुधी भोपळा आणि वाळवलेलं मांस होतं. प्रेषित थाळीतून दुधीच्या फोडी शोधून खात होते, आणि ते पाहिल्यापासून आपल्यालाही दुधी आवडू लागला, असं हजरत अनस (र.) सांगतात. दुसऱ्या एका हदीसमध्ये रस्सा शिजवताना पाणी थोडं जास्त घालून शेजाऱ्यालाही द्यावं, अशी सूचना आहे. मांस होतं, पण ते भाजीला आणि रश्श्याला चव देण्यापुरतं. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, ही शिकवणही आपण मदरशात पाठ केलेली असते. दस्तरखानवर बसलो की मात्र ती आठवत नाही.

पुढे अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये स्वयंपाकावर ग्रंथ लिहिले गेले. आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना अरबी पाकग्रंथ इब्न सय्यार अल-वर्राक याने 10 व्या शतकात लिहिला. त्याच्या सुरुवातीच्या प्रकरणांत भांड्यांची स्वच्छता आहे, आणि कोणता पदार्थ उष्ण, कोणता थंड, कोणता कोरडा याची चर्चा आहे. हकीम आणि बावर्ची तेव्हा एकमेकांची भाषा जाणत होते. आपल्या घरातली 'हे गरम पडतं, ते थंड पडतं' ही बोली त्याच युनानी परंपरेतून आलेली आहे.

या ग्रंथात आजाऱ्यांसाठी 'मुजव्वरात' नावाचे पदार्थ आहेत. मुजव्वर म्हणजे नकली. मांसाच्या पदार्थासारखाच मसाला आणि तशीच आंबट चव, पण आत मांस नाही. बगदादचे ख्रिस्ती लोक उपासाच्या दिवसांत असे पदार्थ खात. मुसलमान स्वयंपाक्यांनी आणि हकिमांनी ते रोग्यांच्या ताटात आणले. आजारी माणसाच्याही जिभेला चव लागते, हे त्यांनी हजार वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आमच्या डॉक्टरांना आणि आम्हाला ते सुचलं नाही.

आता हिंदुस्तानात येऊ. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची मापं दिली आहेत. त्यांचे तीन वर्ग आहेत: बिनमांसाचे, म्हणजे 'सूफियाना', मांस आणि तांदळाचे, आणि मसालेदार मांसाचे. इथे प्रामाणिक राहायला हवं. शाही खिचडीत 5 शेर तांदूळ, 5 शेर डाळ आणि चक्क 5 शेर तूप आहे. ते पथ्य नव्हे, ती बादशाही आहे.

पण त्याच यादीत पालेभाजीही आहे: 10 शेर पालक-बडीशेपेचा पाला, दीड शेर तूप, कांदा, आलं, मिरी, वेलची, लवंग. आणि हलीम आहे. त्यात मांस, गहू आणि हरभऱ्याबरोबर सलगम, गाजर, पालक आणि बडीशेप प्रत्येकी अर्धा शेर, आणि तूप फक्त 1 शेर. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अम्मीला हाक मारून ऐकवलं. ती म्हणाली, "हलीममध्ये पालक? कोण खाणार?" मी म्हटलं, "अकबर बादशहा."

ज्याचे आचारी तासाभरात शंभर पदार्थ मांडू शकत, तो अकबर दिवसातून एकदाच जेवायचा आणि पोट भरायच्या आत हात आखडता घ्यायचा, असंही अबुल फजलने नोंदवलं आहे. खिचडीतलं तूप आपण लक्षात ठेवलं, हे विसरलो.

शिवाय दख्खनमधले आपले बहुतेक पूर्वज दरबारी नव्हतेच. विणकर, बागवान, मणियार, शेतकरी, शिपाई असे ते लोक. त्यांच्या चुलीवर ज्वारीची भाकरी, आंबाडी, चुका आणि डाळ असायची. दादी सांगायची की पावशेर गोश्तात आठ माणसं जेवायची. म्हणूनच आपल्याकडे दालचा आहे: हरभऱ्याची डाळ, दुधी, चिंच आणि थोडं मटण. म्हणूनच चुका गोश्त, सलगम गोश्त आणि दुधी गोश्त आहे. गरिबीने हे पदार्थ शिकवले, पण त्यांची चव गरीब नव्हती. कोकणात हेच काम मासे, कोकम आणि नारळाने केलं.

मग हे बदललं कधी? एका पिवळ्या डब्याने बरंच काही बदललं. वनस्पती तेलातून हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट, रवाळ, तुपासारखं करण्याची युक्ती 20 व्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून आली. 1937 मध्ये डालडा बाजारात आला. त्याचा कारखाना मुंबईत शिवडीला होता. तूप महाग होतं, डालडा स्वस्त. जे तूप दादीच्या पिढीने ईद आणि शादीपुरतं पाहिलं होतं, त्यासारखं दिसणारं काहीतरी रोज घालता येऊ लागलं. शादीचा बावर्ची देगेत डबे रिकामे करू लागला आणि तर्री ही इज्जतीची खूण झाली. पाहुण्याच्या ताटात तेल कमी दिसलं तर यजमान कंजूस ठरला. नंतर रिफाइंड तेल आलं, मांसही घरोघरी जास्त शिजू लागलं, आणि दावतीचं जेवण रोजचं होऊन बसलं.

त्या घट्ट तुपातल्या ट्रान्स फॅटमुळे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं कमी होतं, हे समजायला अनेक दशकं गेली. भारतात तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा यायला 2022 उजाडलं. तोवर दोन-तीन पिढ्यांच्या रक्तवाहिन्यांनी किंमत मोजलेली होती. म्हणजे ज्याला आपण 'परंपरा' म्हणून कवटाळतो आणि इतर लोक 'तुमचं जेवण' म्हणून नाक मुरडतात, त्यातला मोठा वाटा माझ्या दादीपेक्षाही वयाने लहान आहे.

आमच्या घरात आता काय बदललं, ते थोडक्यात सांगतो. हाडांची यखनी आदल्या रात्री काढून थंड करतो आणि वर गोठलेली चरबी काढून टाकतो; चव यखनीतच राहते. कांदा दोन चमचे तेलात, मंद आचेवर, अधूनमधून पाण्याचा हबका मारत तांबूस करतो. मसाला भाजून ऐनवेळी वाटतो, कारण शिळ्या मसाल्याची उणीव आपण तेलाने भरून काढत असतो. मीठ कमी वाटलं तर चिंच किंवा कोकम. झाकणाला कणीक लावून दम दिला की वास आत कोंडतो आणि वरून तेलाची गरज उरत नाही. अर्धा किलो मटणात एक अख्खा दुधी जातो. घरात आम्ही पाच माणसं. महिन्याला आठ लिटर तेल लागायचं, आता तीन पुरतं.

सुरुवातीला कुरबुर झाली. "सालन आहे की पाणी?" हे अब्बांचं वाक्य सहा महिने ऐकलं. तर्रीची सवय एका दिवसात लागली नव्हती, ती एका दिवसात जाणारही नव्हती. औषधं अजून चालू आहेत, पण शुगर आटोक्यात आहे आणि अब्बा जेवायला शेजारी जात नाहीत.

गेल्या मुहर्रमला अम्मीने स्वतःहून हलीममध्ये पालक आणि गाजर घातलं. कुणाला सांगितलं नाही. अब्बांनी दुसऱ्यांदा वाडगा पुढे केला, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बादशहांना अजून वाढ."