स्टिअरिंगवरील ध्वनिनियंत्रण : सोय आणि सावधगिरी

परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटच्या डोंगररांगांतून वळणे घेत जातो. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असलेल्या या अरण्यात वळणापलीकडे सांबर उभे असेल की समोरून एसटी येत असेल, याचा अंदाज चालकाला आधी येत नाही. अशा रस्त्यावर रेडिओचे केंद्र खरखरू लागते आणि चालकाचा हात नकळत डॅशबोर्डकडे जातो. ताशी ४० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार दोन सेकंदांत सुमारे २२ मीटर अंतर कापते. म्हणजेच आवाज कमी करण्यासाठी नजर दोन सेकंद हटली, तर तेवढा रस्ता चालकाने न पाहताच पार केलेला असतो. ध्वनिसंचाची बटणे स्टिअरिंगवर बसविण्यामागचे खरे कारण हे आहे.

वरच्या श्रेणीतील मोटारींना ही बटणे कारखान्यातूनच मिळतात. खालच्या श्रेणीतील किंवा जुन्या मोटारींना ती नंतर बसविता येतात. काम फार अवघड नाही. मात्र ते एअरबॅगच्या शेजारी करावे लागते, हे विसरून चालत नाही.

रचना कशी असते?

बहुतेक साध्या रचनांत प्रत्येक बटणामागे वेगवेगळ्या मूल्याचा रोध असतो. सर्व बटणांना मिळून एक संकेताची व एक अर्थिंगची, अशा दोनच वायर पुरतात. स्टिरिओ संकेताच्या वायरवर अल्प विद्युतदाब ठेवतो. बटण दाबले की तो दाब ठरावीक प्रमाणात खाली येतो आणि त्यावरून कोणते बटण दाबले गेले, हे स्टिरिओ ओळखतो. उदाहरणार्थ, स्टिरिओकडून ५ व्होल्टचा दाब १००० ओहमच्या रोधातून येत असेल आणि बटणाचा रोध २५० ओहम असेल, तर वायरवर १ व्होल्ट उरतो. बटणाचा रोध १००० ओहम असेल, तर २.५ व्होल्ट. एकाच वायरवर सहा-आठ बटणे चालतात ती यामुळेच.

फिरणाऱ्या चाकातून हा संकेत स्थिर भागापर्यंत नेण्याचे काम 'क्लॉक स्प्रिंग' करते. ही प्लास्टिकच्या चकतीत गुंडाळलेली चपटी वायरपट्टी असते. चाक दोन्ही बाजूंना फिरते तशी ती उलगडते व गुंडाळली जाते. हॉर्न आणि एअरबॅग यांचा विद्युतप्रवाहही हिच्यातूनच जातो. खालच्या श्रेणीतील मोटारींच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये बटणांसाठीच्या वायर नसण्याची शक्यता असते. म्हणून बटणे खरेदी करण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी. अन्यथा बटणे बसतात, पण चालत नाहीत.

काही नव्या मोटारींत बटणांचे संकेत रोधाने न जाता संगणकीय संदेशाच्या रूपाने जातात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे आणलेली 'कॅन' ही संदेशवहन पद्धती त्यांपैकी प्रमुख होय. अशा मोटारीत बाहेरचा स्टिरिओ बसविताना संदेशाचे रूपांतर करणारा स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर लागतो.

दोन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीतील मूळ बटणे बसविणे. ती चाकात नेमकी बसतात आणि टिकतात. परंतु त्यासाठी एअरबॅग उतरवावी लागते. दुसरा मार्ग चाकावर पट्ट्याने बांधावयाच्या बिनतारी बटणांचा. त्यांत नाण्याच्या आकाराचा लहान सेल असतो आणि संकेत घेणारी डबी स्टिरिओच्या वायरींना जोडली जाते. यात चाक उघडावे लागत नाही. मात्र ही बटणे चाकाच्या कड्यावर अथवा आऱ्यावर, हात वळविताना अडणार नाहीत अशा जागी घट्ट बांधावीत. मधल्या एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नये. एअरबॅग फुगताना अशी वस्तू चालकाच्या चेहऱ्यावर वेगाने आदळू शकते.

एअरबॅगची शिस्त

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. त्यामुळे त्यानंतरच्या मोटारींत पहिल्या मार्गाने जाणाऱ्याला हा भाग टाळता येणार नाही. काम सुरू करण्यापूर्वी चाके सरळ करावीत, किल्ली काढावी व बॅटरीची ऋण अग्राची वायर सोडवावी. त्यानंतर मोटारीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. कारण बॅटरी सुटल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ विद्युतऊर्जा साठून राहते. उतरवलेली एअरबॅग झाकणाची बाजू वर ठेवूनच ठेवावी. तिच्या वायरींना मल्टीमीटर कधीही लावू नये; मीटरचा अल्प प्रवाहही स्फोटक ठिणगीला पुरेसा ठरू शकतो. एअरबॅग सुटी असताना किल्ली फिरवू नये.

चाक काढावे लागल्यास ते व दांडा यांवर आधी खूण करावी. नवी क्लॉक स्प्रिंग मध्यस्थितीत अडकवून येते. ती बसेपर्यंत हाताने फिरवू नये. मध्य चुकला तर पूर्ण वळण घेताना पट्टी तुटते आणि बटणांबरोबरच हॉर्न व एअरबॅगही निकामी होतात. चाकाचा नट निर्मात्याने सांगितलेल्या ताकदीनेच आवळावा. ही कामे परिचित नसतील, तर कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत अथवा अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावीत. वॉरंटीची मुदत शिल्लक असल्यास मूळ वायर कापण्यापूर्वी तिच्या अटीही पाहाव्यात.

जोडणी व चाचणी

अनेक स्टिरिओंच्या मागे 'की १', 'की २' व अर्थिंग अशा वायर असतात, काहींना ३.५ मिलिमीटरचे छिद्र असते. या वायरींवर मोटारीचे १२ व्होल्ट चुकूनही देऊ नयेत. स्टिरिओचा तो भाग जळतो. जोडणीनंतर स्टिरिओच्या सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण दाबून त्याचे काम 'शिकवावे' लागते. पावसाळी दमटपणाने किंवा धुळीने बटणांचे संपर्क खराब झाले, की रोध बदलतो आणि आवाज वाढविण्याऐवजी गाणे बदलते. अशा वेळी स्टिरिओला दोष देण्यापूर्वी संपर्क व अर्थिंग तपासावे.

शेवटी बॅटरी जोडून किल्ली फिरवावी. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो पेटताच राहिला किंवा लागलाच नाही, तर एअरबॅगवर विसंबता येणार नाही. दोष काढल्याशिवाय मोटार घाटात नेऊ नये. हॉर्न आणि दोन्ही बाजूंचे पूर्ण वळणही उभ्या मोटारीत तपासावे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये वाहन चालविताना हातात संपर्क साधन वापरणे हे धोकादायक वाहनचालनात गणले गेले. स्टिअरिंगवरील बटणाने फोन घेताना हात चाकावर राहतो. परंतु बोलण्यात गुंतलेले लक्ष बटण परत आणत नाही. वळणाच्या रस्त्यावर या बटणांपैकी सर्वांत उपयोगी ठरते ते आवाज बंद करण्याचे.