डोमेन तुमच्याच ताब्यात आहे, हे डीएनएसमधून कसं सिद्ध करायचं?

मागच्या सुट्टीत गावी, तेरला गेलो होतो, तेव्हा एका छोट्या वाचनालयाचं काम अंगावर आलं. पुस्तकांची यादी तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर होती. मी तिचं साधं वेबपेज बनवलं. वाचनालयाच्या वायफायवर मोबाइल जोडायचा, पेज उघडायचं आणि पुस्तकामागचा बारकोड कॅमेऱ्याने स्कॅन करायचा, एवढीच कल्पना. पेज उघडलं, पण कॅमेरा काही सुरू होईना. कारण ब्राउझर कॅमेरा आणि माइक फक्त एचटीटीपीएसवाल्या पेजला वापरू देतो. म्हणजे सर्टिफिकेट आलं.

सर्टिफिकेट फुकट मिळतं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून ते देते आहे. पण मागणाऱ्याला आधी सिद्ध करावं लागतं, की हे डोमेन त्याच्या ताब्यात आहे.

आमच्या तेरचं जुनं नाव तगर. शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापूरकडे राज्य करायचे, पण स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे. ताम्रपटावर कोरलं की झालं! सर्टिफिकेटच्या बाबतीत असं चालू दिलं तर काय होतं, ते आपल्याच देशात दिसलं आहे. जुलै २०१४ मध्ये एनआयसीच्या सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगल आणि याहूच्या डोमेनची बनावट सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. असं सर्टिफिकेट हातात असलेला माणूस मधेच बसून स्वतःला गूगल म्हणवू शकतो, आणि त्यावर विश्वास ठेवणारा ब्राउझर काही कुरकुर करत नाही. ती सर्टिफिकेटं रद्द झाली, आणि क्रोमने भारत सरकारच्या त्या यंत्रणेवरचा विश्वास मोजक्या डोमेनपुरताच ठेवला.

पुरावा द्यायची सोपी पद्धत म्हणजे संस्थेने दिलेली एक छोटी फाइल आपल्या साइटवर ठेवायची. संस्था बाहेरून येऊन ती वाचते. पण वाचनालयाच्या कॉम्प्युटरपर्यंत बाहेरून कुणी पोचूच शकत नव्हतं. बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा आयपी पत्ता देतात. आपण बाहेर जाऊ शकतो, बाहेरचा आत येऊ शकत नाही. अशा वेळी डीएनएसची पद्धत कामी येते.

डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी वही, हे तुम्हाला माहीत असेल. या वहीत पत्त्यांशिवाय साधा मजकूरही लिहिता येतो. त्या नोंदीला टीएक्सटी रेकॉर्ड म्हणतात. सर्टबॉटसारख्या प्रोग्रॅमने अर्ज केला की तो एक लांबलचक, अर्थहीन वाटणारा मजकूर देतो. डोमेन जिथे सांभाळलं जातं तिथे लॉगिन करायचं आणि '_अ‍ॅक्मी-चॅलेंज' या नावाने तो टीएक्सटी रेकॉर्डमध्ये टाकायचा. लेट्स एन्क्रिप्ट जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून ती नोंद तपासते. मजकूर तुमच्या खात्याच्या किल्लीशी बांधलेला असतो, त्यामुळे दुसऱ्याने तो बघितला तरी त्याला उपयोग नाही. तपासणारा तुमच्या कॉम्प्युटरकडे फिरकतसुद्धा नाही. डोमेनसमोर मी घरगुती आयपी पत्ता लिहिला होता, जो फक्त वाचनालयाच्या वायफायवरच उघडतो. तरी सर्टिफिकेट मिळालं.

पहिल्या फटक्यात मात्र नाही. बऱ्याच कंपन्यांच्या पॅनेलमध्ये नावाच्या रकान्यात फक्त पुढचा भाग लिहायचा असतो, डोमेन ते स्वतःच मागे जोडतात. मी पूर्ण नाव लिहिलं आणि डोमेन दोनदा लागलं. मग नोंद सुधारली आणि घाईत एंटर दाबलं. पुन्हा नापास. आधीचं उत्तर काही वेळ साठवून ठेवलेलं असतं, म्हणून नवी नोंद सगळीकडे दिसायला वेळ लागतो. मोबाइलवर डीएनएस तपासणारी एखादी साइट उघडून नोंद दिसते का बघा आणि मगच एंटर दाबा. एकाच नावासाठी तासात पाचदा नापास झालात तर थांबावं लागतं.

सगळ्या सबडोमेनसाठी एकच सर्टिफिकेट हवं असेल, तर लेट्स एन्क्रिप्टकडे डीएनएसचीच पद्धत चालते. त्यात मूळ डोमेनही घेतलं तर एकाच नावाखाली दोन मजकूर टाकावे लागतात. दुसरा टाकताना पहिला पुसू नका. आणखी एक, सर्टिफिकेटमधली नावं सार्वजनिक यादीत जातात, तेव्हा सबडोमेनला गुपित वाटेल असं नाव देऊ नका.

हे सर्टिफिकेट ९० दिवस चालतं. पुढे मुदत आणखी आखडणार आहे. २०२९ च्या मार्चपासून कुठल्याच कंपनीला ४७ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं देता येणार नाही. दर वेळी कोण हाताने नोंद टाकत बसणार? म्हणून प्रोग्रॅमला डीएनएसची एक चावी, म्हणजे एपीआय टोकन देतात. इथे मला जरा भीती वाटते. टोकनला सगळ्या नोंदी बदलायचा अधिकार असेल आणि तो जुना कॉम्प्युटर कुणी हॅक केला, तर अख्खं डोमेन गेलं. त्यापेक्षा '_अ‍ॅक्मी-चॅलेंज' समोर सीनेम रेकॉर्ड टाकून ते एका वेगळ्या डोमेनकडे वळवायचं आणि टोकन फक्त त्या डोमेनचं द्यायचं. मी तेच केलं.

खरी अडचण तांत्रिक नव्हतीच. डोमेन काही वर्षांपूर्वी वाचनालयातल्या एका मुलाने स्वतःच्या खात्यावर घेतलं होतं. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला, आणि ओटीपी जायचा त्याच्या बंद पडलेल्या नंबरवर. पैसे वाचनालयाचे होते, पावतीसुद्धा होती. पण डीएनएस पावती बघत नाही. नोंद बदलता येते का, एवढंच बघतं. उद्या त्याच्या खात्यात कुणी घुसलं असतं, तर त्याला वाचनालयाच्या नावाचं अस्सल सर्टिफिकेट मिळालं असतं, आणि तुमच्या-माझ्या ब्राउझरने ते बिनतक्रार मानलं असतं. काकांनी त्या मुलाच्या आईकडून नवा नंबर मिळवला. फोनाफोनीत दोन दिवस गेले. आता खातं वाचनालयाच्या ईमेलवर आहे, ओटीपी काकांच्या मोबाइलवर येतो, आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख त्यांनी वर्गणीच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.