पाकिटावरील तिसऱ्याची खूण

पत्र लिहिणारा एक आणि वाचणारा दुसरा, असा आपला सर्वसाधारण समज असतो. युद्धकाळांत मात्र या दोघांच्या मध्यें एक तिसरा वाचक येऊन बसतो आणि आपल्या वाचनाची खूण पाकिटावर ठेवून जातो. जुन्या घरांतील पेट्यांत अशीं पाकिटें अजूनही सांपडतात. मुलांच्या संग्रहासाठीं तिकीट कापून घ्यावें आणि उरलेलें पाकीट टाकून द्यावें, ही चाल घरोघर आहे. आमच्या मतें तिकिटापेक्षां मोलाची वस्तु त्यामुळें केरांत जाते.

अशा पाकिटाची परीक्षा करतांना प्रथम टपालाच्या शिक्क्यावरील तारीख पाहावी, मग तपासणीची खूण. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत फ्रान्समधील ब्रिटिश सैन्याच्या पत्रांवर सेन्सॉरचे क्रमांकित शिक्के मारीत व त्यांचा आकार वेळोवेळीं बदलीत. आरंभीं वर्तुळ, १९१४ संपण्यापूर्वी चौरस, १९१५ मध्यें त्रिकोण, १९१६ मध्यें षट्कोन आणि त्यानंतर दीर्घवर्तुळ व आयत, असा हा क्रम आहे. नवा आकार आला तरी जुना लगेच बंद होत नसे. म्हणून आकारावरून 'पत्र अमुक काळाच्या आधींचें नव्हे' इतकेंच म्हणावें. पुढची मर्यादा तारखेनेंच ठरते. शिक्क्याबरोबर सही दिसली, तर ती बहुधा पलटणींतील अधिकाऱ्याची असते. आपल्याच शिपायाचीं घरगुती दुःखें त्यास वाचावीं लागत. हा संकोच टाळण्यासाठीं १९१५ पासून हिरव्या छपाईचीं पाकिटें निघालीं. आंत केवळ खाजगी मजकूर आहे, असें शिपाई इमानानें लिहून देई आणि पत्र पलटणींत न उघडतां पुढें जाई. तळावर मात्र तें उघडण्याचा अधिकार सरकारनें राखला होता.

दुसऱ्या महायुद्धांत नागरिकांच्या पत्रांवर कागदी पट्टी अधिक दिसते. पाकिटाची कड कापून पत्र वाचीत व ती पट्टीनें पुन्हां बंद करीत. ब्रिटिश पट्टीवर 'ओपन्ड बाय सेन्सॉर' असे शब्द असले म्हणजे पाकीट पहिल्याच युद्धांतलें, असें समजूं नये. १९३९ मध्येंही ते शब्द होते, 'एक्झामिनर' हा शब्द पुढें रूढ झाला. अमेरिकन पट्टीवर 'एक्झामिन्ड बाय' व तपासणाऱ्याचा क्रमांक असतो. जर्मन खुणांत गरुडाच्या शिक्क्यांतील लहान रोमन अक्षर कचेरीचें गांव सांगतें: 'बी' म्हणजे बर्लिन, 'डी' म्हणजे म्युनिक, 'जी' म्हणजे व्हिएन्ना.

या तिसऱ्या वाचकाविषयीं मनांत राग येतो, तो स्वाभाविकच आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९१४ मध्यें हिंदी फौज फ्रान्समध्यें उतरल्यावर तिच्या पत्रांच्या तपासणीची कचेरी निघाली. ती पुढें बूलोन येथें होती व तिचे पहिले प्रमुख हॉवेल हे होते. तेथें निवडक पत्रांचे उतारे इंग्रजींत करून अहवालास जोडीत. कोणी तरी वाचतो आहे, हें शिपायांस ठाऊक होतें. म्हणून काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, अशी आडवळणाची भाषा ते योजीत. मूळ पत्रें बहुतेक नाहींशीं झालीं. उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. ज्यानें पहारा ठेवला, त्याच्याच दप्तरांत त्या खेड्यांतल्या माणसांचे शब्द राहिले!

परंतु दप्तरांत उतरलीं तीं निवडक पत्रें. बाकीच्यांची साक्ष घरांतल्या पाकिटांपाशींच आहे. मेसोपोटेमियांत मराठा पलटणी लढल्या. त्या शिपायांच्या घरीं एखादें पाकीट असेल, त्यावर 'आय. ई. एफ.' छापलेलें तिकीटही असेल. तें कापूं नये, पट्टी सोडवूं नये, फाटकी कड सारखी करूं नये. तिकीट, तारीख, शिक्का व सही एकत्र असतील तरच तें पाकीट बोलतें.